दोर सुटले की फ्लाइट मोड: क्रूझवर फोन आणि इंटरनेट स्वस्तात कसं वापरायचं

ठाणे, वाशी, घणसोलीकडून क्रूझला निघणारी मंडळी साधारण दोन वाटांनी जातात. काही जण मुंबईतल्या बॅलार्ड पिअरहून कॉर्डेलिया कंपनीच्या क्रूझने गोवा, कोची किंवा लक्षद्वीपला जातात. बाकीचे विमानाने सिंगापूर गाठतात आणि तिथून मलेशिया-थायलंडच्या तीन-चार रात्रींच्या क्रूझवर चढतात. फोनचं बिल फुगण्याची वेळ मात्र दोघांची एकच: जहाज बंदर सोडतं आणि सगळे डेकवर फोटो काढण्यात गुंग असतात तेव्हा.

मोठ्या जहाजांवर स्वतःची छोटी मोबाइल यंत्रणा असते आणि ती उपग्रहाला जोडलेली असते. बंदरात ती बंद ठेवतात. जहाज साधारण 12 सागरी मैल, म्हणजे जवळपास 22 किलोमीटर बाहेर गेलं की ती सुरू होते. तोपर्यंत किनाऱ्यावरचं नेटवर्क विरत आलेलं असतं, फोन दुसरं नेटवर्क शोधतच असतो, आणि जहाजाचं सापडलं की न विचारता त्याला चिकटतो. स्क्रीनवर ‘सेल्युलर ॲट सी’ किंवा ‘टेलिनॉर मेरिटाइम’ असं नाव येतं, कधी नुसतेच 901-18 किंवा 901-12 असे आकडे दिसतात. यातले पहिले तीन आकडे म्हणजे देशाचा कोड. भारताचे कोड 404 आणि 405. 901 हा कुठल्याच देशाचा नाही. तो जहाजं, विमानं, उपग्रह असल्या सेवांसाठी राखलेला आहे. म्हणून ‘सिंगापूर’ किंवा ‘थायलंड’ असं नाव असलेला रोमिंग पॅक तिथे चालत नाही. आपण पॅक घेतलाय म्हणून निर्धास्त राहावं आणि पैसे मात्र पॅकबाहेरच्या दराने कापले जावेत, असा हा घोटाळा. मुंबई ते गोवा प्रवास देशातल्या देशात असला तरी जहाजावरच्या मोबाइल नेटवर्कला हेच लागू आहे. मांडव्याच्या रो-रोवर तासभर मजेत रील्स पाहता येतात, पण तो अनुभव इथे धरून चालू नये.

तेव्हा जहाजाचे दोर सुटले की फ्लाइट मोड लावायचा. त्यानंतर वायफाय वेगळं चालू करायचं, इअरबड्स असतील तर ब्लूटूथही. फ्लाइट मोडमध्ये जीपीएस सुरू राहतं, त्यामुळे नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर जहाज कुठे आहे तेही कळतं.

‘डेटा रोमिंग बंद आहे, मग फ्लाइट मोड कशाला?’ असं बरेच जण विचारतात. डेटा रोमिंग बंद केल्याने फक्त इंटरनेट थांबतं. कॉल येतच राहतात, आणि आंतरराष्ट्रीय रोमिंगवर आलेला कॉल उचलला तरी मिनिटाप्रमाणे पैसे लागतात. कुरिअरवाल्याचा कॉल समुद्रातून घेण्याएवढा महाग कॉल दुसरा नसेल. दोन सिमच्या फोनमध्ये डेटा रोमिंगचं बटण प्रत्येक सिमला वेगळं असतं. एकाचं बंद केलं जातं आणि दुसऱ्याचं विसरलं जातं. शिवाय जिच्यात स्वतःचं कनेक्शन आहे अशी स्मार्टवॉच आणि मुलांचा सिमवाला टॅब हे दोन्ही फोनच्या फ्लाइट मोडवर अवलंबून नसतात. त्यांचा फ्लाइट मोड त्यांच्यावरच लावावा लागतो.

निघण्यापूर्वी कॉल फॉरवर्डिंगही काढून टाकावं. डायलरमध्ये ##002# टाइप करून कॉलचं बटण दाबलं की सगळी फॉरवर्डिंग एकदम रद्द होतात. नाहीतर फोन जहाजाच्या नेटवर्कवर असताना न उचललेला कॉल भारतातून जहाजावर येतो, तिथून परत भारतात वळतो आणि दोन्ही फेऱ्यांचा आकार लागू शकतो.

प्रीपेडवाल्यांचं नुकसान मुख्य बॅलन्सपुरतं मर्यादित राहतं. पोस्टपेडला तो बांध नाही. फोनची खरोखर गरज नसेल तर कंपनीच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय रोमिंगच बंद करून निघणं उत्तम, पण बँकेचे ओटीपी हवे असतील तर तसं करता येणार नाही. प्रीपेड रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपर्यंत पुरते का, हेही पाहावं. मुदत संपली तर बंदरावर उतरूनही फोन मुका.

घरच्या वायफायवर उरकायची कामं

आदल्या रात्री तासभर काढला की जहाजावरचा अर्धा डेटा वाचतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडून फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं वायफायवरही बंद करावं. लोक हे फक्त मोबाइल डेटासाठी बंद करतात, पण जहाजावर आपण वायफायवरच असतो. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारी शुभ प्रभातची फुलं जहाजावरच्या मोजक्या एमबीमध्ये बसत नाहीत. गूगल फोटोज किंवा आयक्लाउडचा बॅकअप, व्हॉट्सॲपचा बॅकअप, प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरची आपोआप होणारी अपडेट, हे सगळं बंद. अँड्रॉइडमध्ये वायफायची जोडणी निवडून तिला ‘मीटर्ड’ (म्हणजे डेटा मोजून वापरायचा) ठरवता येतं, आयफोनमध्ये त्याच जागी ‘लो डेटा मोड’ असतो. हे जहाजाच्या वायफायला जोडल्यावर करायचं, कारण ती सेटिंग त्या-त्या नेटवर्कपुरतीच असते.

ज्या बंदरांवर उतरणार त्यांचे गूगल मॅप्सचे ऑफलाइन नकाशे उतरवावेत. थायलंडला जात असाल तर ट्रान्सलेटमधला थाई भाषेचा पॅकही घ्यावा. तिकीट, पासपोर्टचं पान, व्हिसा, विम्याचा कागद हे ईमेलमध्ये न ठेवता थेट फोनच्या मेमरीत ठेवावं. क्रूझ कंपनीचं ॲप घरीच उतरवून त्यात लॉगिन करावं. जहाजावरच्या वायफायला जोडल्यावर इंटरनेटचा पॅक न घेताही या ॲपवर जेवणाच्या वेळा, कार्यक्रम आणि आपल्या खात्यावर चढलेला खर्च बहुतेक जहाजांवर फुकट पाहता येतो.

ओटीपीची गोष्ट जरा किचकट आहे. फ्लाइट मोडमध्ये एसएमएस येत नाही, म्हणजे ओटीपी नाही. त्यावर उपाय असा: बँकेच्या खात्यात ईमेलवर ओटीपी येण्याची सोय असेल तर ती चालू करावी आणि गूगल खात्याचे बॅकअप कोड कागदावर लिहून घ्यावेत. यूपीआयचं ॲप, बँकेचं ॲप किंवा व्हॉट्सॲप प्रवासात काढून पुन्हा टाकू नये, सिमही बदलू नये. पुन्हा नोंदणी करताना त्याच सिमचा एसएमएस लागतो आणि भर समुद्रात ते जमत नाही. वायफाय कॉलिंगवर, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून आपला नेहमीचा नंबर चालवण्याच्या सोयीवर, एसएमएस येतो का, हे घरी तपासता येतं: फ्लाइट मोड लावा, वायफाय चालू करा आणि कुणाला तरी मेसेज पाठवायला सांगा. घरी आला म्हणजे जहाजावर येईलच असं मात्र नाही, कारण जहाजाचं नेटवर्क किंवा आपली मोबाइल कंपनी परदेशातून ते अडवू शकते.

जहाजावरच्या खर्चासाठी कार्ड जोडतात आणि सगळी खरेदी त्या खात्यावर चढते. सिंगापूरहून निघणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू आहे ना, हे बघून ठेवा.

जहाजाचं वायफाय: पॅक कोणता आणि किती जणांना

परदेशी क्रूझवर एका उपकरणाचं वायफाय दिवसाला साधारण 15 ते 30 डॉलरपर्यंत जातं. निघण्याआधी कंपनीच्या साइटवर किंवा ॲपवर घेतलं तर बहुधा जहाजावरच्या दरापेक्षा स्वस्त पडतं. डॉलरमध्ये पैसे भरले की बँक वर साधारण 2 ते 3.5 टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनाचा जादा आकार, लावते, तेही हिशोबात धरा.

पॅक उपकरणागणिक असतो, माणसागणिक नाही. चौघांचं कुटुंब, चार दिवस, दर 20 डॉलर असं धरलं तर चार फोनांचे 320 डॉलर होतात. एकाच फोनचा पॅक घेऊन आळीपाळीने वापरला तर 80. बहुतेक कंपन्या एका वेळी एकच फोन जोडू देतात, पण एका फोनवर लॉग आउट करून दुसऱ्यावर लॉगिन करायला हरकत घेत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी लॉग आउटचं पान कुठे आहे ते शोधून ठेवा. पहिला फोन तसाच खिशात टाकला तर दुसऱ्यावर ‘मर्यादा पूर्ण’ असं येतं आणि भांडण घरातल्या घरात होतं. घरून प्रवासी राउटर नेऊन सगळ्यांना वाटण्याची युक्ती सांगितली जाते. काही कंपन्या राउटर जहाजावर आणूच देत नाहीत, तपासणीत काढून ठेवतात.

व्हिडिओ पाहण्याचा महागडा पॅक कशासाठी हवा आहे, हा प्रश्न स्वतःला विचारावा. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस कॉलला मिनिटाला साधारण अर्धा एमबी लागतो, व्हिडिओ कॉलला त्याच्या कितीतरी पट. आजीला केबिन दाखवायची असेल तर दोन मिनिटांची छोटी क्लिप काढून ठेवा आणि बंदरावर पोहोचल्यावर पाठवा. काही कंपन्यांकडे फक्त मेसेज आणि सोशल मीडियाचा स्वस्त पॅक असतो. त्यात व्हॉट्सॲप कॉल चालतो का, हे विकत घेण्याआधी वाचा, बऱ्याचदा चालत नाही.

चार रात्रींच्या क्रूझमध्ये दोन दिवस बंदरावर जात असतील तर पूर्ण प्रवासाचा पॅक वाया जातो. 24 तासांचा पास मिळत असेल तर तो दुपारी चारच्या सुमारास सुरू करावा: एक पूर्ण संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ दोन्ही पदरात पडतात. रात्री जेवणानंतर सगळे एकदम जोडले जातात तेव्हा वेग पडतो. पहाटे, किंवा बंदरावर बाकीचे उतरून गेलेले असताना, तोच पॅक बराच जोरात चालतो. जुन्या भूस्थिर (पृथ्वीवरून कायम एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहाचं वायफाय असेल तर तो उपग्रह जवळजवळ 36,000 किलोमीटरवर असतो, त्यामुळे बोलताना अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर जाणवतो. आपण ‘हॅलो’ म्हणून थांबायचं, एकमेकांवर बोलायचं नाही. स्टारलिंकचं उपग्रह इंटरनेट बसवलेल्या जहाजांवर हा त्रास जवळपास नाही, कारण ते उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर फिरतात.

केबिनमध्ये सिग्नल कमी का? भिंती पोलादाच्या आणि वायफायचे डबे बहुधा मधल्या मार्गिकेत. बाल्कनीत समुद्राकडे तोंड करून उभं राहण्यापेक्षा दाराशी बसलेलं बरं.

लॉगिनचं पान उघडतच नसेल तर आधी व्हीपीएन बंद करा, अँड्रॉइडवर ‘प्रायव्हेट डीएनएस’ बंद करा, मग ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com) ही साधी साइट उघडा, म्हणजे लॉगिनचं पान समोर येतं. पैसे भरल्यावर दुसऱ्या दिवशी फोन नव्यासारखा ओळखला जात असेल तर त्या वायफायच्या सेटिंगमधला ‘प्रायव्हेट ॲड्रेस’ किंवा ‘रँडमाइज्ड मॅक’ बंद करावा. फोन दरवेळी वेगळी ओळख सांगत असतो आणि जहाजाच्या यंत्रणेला तो तिसराच कुणीतरी वाटतो.

आपापसात निरोप

दहा-बारा जणांच्या गटाला जहाजावर एकमेकांना शोधण्यासाठी इंटरनेट लागत नाही. केबिनमधल्या फोनवरून दुसऱ्या केबिनला कॉल फुकट असतो. सगळ्यांचे केबिन नंबर पहिल्याच दिवशी लिहून वाटा. काही कंपन्यांच्या ॲपवर चॅट असतं, कुठे फुकट, कुठे थोडे पैसे घेऊन. दारं पोलादाची असल्याने फ्रिजवरच्या चुंबकाने चिठ्ठी छान लागते: ‘आम्ही डेक 10 वर, चहा 4 वाजता’. वेळ मात्र जहाजाची लिहा. थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. फुकेतला फ्लाइट मोड काढला की फोन स्थानिक वेळ धरतो, जहाज मात्र आपल्याच वेळेनुसार चालत असू शकतं. उतरताना दाराशी लिहिलेली परतीची वेळ मनगटी घड्याळावर लावून घ्यावी.

बंदरावर

जहाज धक्क्याला लागलं, दोर बांधले गेले, की फ्लाइट मोड काढायचा. गोवा, मंगळूर, कोची इथे आपला नेहमीचा पॅक चालतो, वेगळे पैसे नाहीत. लक्षद्वीपला कोचीहून समुद्राखालची ऑप्टिकल फायबर जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली, तरी प्रत्येक बेटावर प्रत्येक कंपनीचा टॉवर असेल असं धरू नका. घरात कुणाकडे बीएसएनएलचं सिम असेल तर तो फोन बरोबर न्या.

परदेशी बंदरांसाठी तीन वाटा: भारतीय कंपनीचा देशनिहाय पॅक, ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्ये उतरवायचं डिजिटल सिम), किंवा सिंगापूरच्या चांगी विमानतळावर मिळणारं पर्यटकांचं सिम. क्रूझमध्ये दोन-तीन देश येत असतील तर अनेक देशांचं ई-सिम सोपं पडतं. फोन ई-सिम घेतो का आणि एकाच कंपनीच्या सिमला लॉक नाही ना, ते आधी पाहा. त्याचा प्रोफाइल घरीच बसवा. तीनही पर्याय जमिनीवरचे आहेत, जहाजाच्या 901 नेटवर्कला ते धरत नाहीत. मोबाइल कंपनीने खास क्रूझसाठी पॅक विकला तर त्यातल्या यादीत तुमच्या जहाजाचं नेटवर्क आहे का, हे ग्राहक सेवेकडून लेखी विचारून घ्या.

घरी राहणाऱ्यांना जहाजाचं नाव, बुकिंग क्रमांक, केबिन नंबर आणि क्रूझ कंपनीचा तातडीचा नंबर कागदावर द्या. मरिनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडर या जहाजांचा माग दाखवणाऱ्या साइटवर जहाजाचं नाव टाकलं की ते कुठे आहे ते फुकट दिसतं. किनाऱ्यापासून लांब गेलं की ठिपका तासन्‌तास एका जागी थांबतो, कारण तिथली उपग्रहावरची माहिती ते पैसे घेऊन देतात. हे निघण्याआधी सांगून ठेवलं नाही तर ठाण्यात कुणीतरी रात्रभर जागं राहतं.

परत आल्यावर रोमिंग बंद करा आणि लगेचचं बिल पाहून फाइल मिटू नका. रोमिंगच्या नोंदी कधीकधी पुढच्या महिन्याच्या बिलात येतात. बिलात 901 किंवा ‘मेरिटाइम’ असा आकार दिसला तर त्याची तारीख आणि वेळ जहाज सुटण्याच्या वेळेशी ताडून पाहा. तक्रार नोंदवताना तीच माहिती विचारली जाते.