होडीला हुशार नाव देताय? या चुका टाळा

पुणेकराला कोटी सुचली की ती पाटीवर लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. नवी होडी घेतली की हीच हौस तिच्या नावात उतरते. हौस चांगलीच आहे. पण होडीचं नाव वाचण्यापेक्षा हाक मारण्यासाठी जास्त लागतं आणि बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

सगळ्यात गंभीर चूक रेडिओवर उघडी पडते. आज होडी पवनेच्या पाण्यात असेल, पण उद्या तीच मांडव्याला समुद्रात उतरू शकते. तिथे जीव धोक्यात आला तर व्हीएचएफच्या, म्हणजे होडीवरच्या रेडिओच्या, चॅनल १६ वर ‘मेडे’ ही मदतीची हाक तीनदा आणि मग होडीचं नाव तीनदा सांगायचं असतं. ‘दुपारी एक ते चार बंद’ हे नाव वाऱ्यात, खरखरीत, घाबरलेल्या आवाजात तीनदा म्हणून पाहा. ऐकणाऱ्याला हे नाव आहे हेच कळणार नाही. ‘टायटॅनिक २’ त्याहून वाईट, कारण ‘टायटॅनिक बुडतेय’ हा निरोप थट्टाच वाटेल आणि मदतीला उशीर होईल. ‘डेल्टा’, ‘एको’, ‘ब्राव्हो’ हीसुद्धा सोडा. रेडिओवर अक्षरं सांगायला हेच शब्द वापरतात.

नौदलाच्या शिडाच्या नौकांची नावं पाहा: म्हादई, तारिणी. म्हादईवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तारिणीवरून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी. दोन्ही नावं तीन अक्षरांची, एका दमात हाक मारता येणारी. माझ्या मते हुशारी ती हीच.

रोमन अक्षरांतही नाव तपासा. ‘लाटा’ हे नाव रोमनमध्ये सहज ‘लता’ वाचलं जातं. घराबाहेरच्या एखाद्याला ते न सांगता वाचायला द्या.

बुडण्यावरच्या कोट्या पुण्यात तर नकोतच. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. ज्यांची घरं गेली त्यांच्या कुटुंबांत ती आठवण अजून आहे. त्यांच्यासमोर तुमची होडी ‘पानशेत’ म्हणून मिरवू नका.

नाव आधीच देऊन झालंय आणि आता खटकतंय? नोंदणी झाली नसेल तर लगेच बदला. झाली असेल तर नोंदणीचे कागद, विमा, लाइफबॉय (बुडणाऱ्याकडे फेकायचं तरंगतं कडं) सगळीकडे एकच नाव राहील याची खात्री होईपर्यंत रंगाऱ्याला बोलावू नका. आवडती कोटी टाकून द्यायची नसेल तर तिची छोटी पाटी करून आत लावा. बाहेर मात्र छोटं नाव, ठसठशीत सरळ अक्षरांत, फिक्या रंगावर गडद. वळणदार सुलेखन पाण्यावर थोडं लांब गेलं की वाचताच येत नाही.