पोराला सेमीला घालायचं का इंग्लिशला? फी भरायच्या आधी एवढं करून बघा

एप्रिल-मे आला की आमच्या सांगलीत विश्रामबागपासून मिरजेपर्यंत कुठंही चहाला थांबा, एकच विषय, इंग्लिश मीडियम का सेमी का मराठी. मला पण दरवर्षी चार-पाच जण विचारतात, कारण माझी थोरली इंग्लिश मीडियमला होती आणि धाकटीला मी सेमीला घातली, म्हणजे दोन्हीकडची फी आणि दोन्हीकडचा मनस्ताप भरून झालाय. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

पहिलं काम घरात. पोरगं कुठल्या भाषेत भांडतं ते बघा. हसू नका. भांडताना, खोटं बोलताना, "मी नाही केलं, त्यानंच आधी ढकललं" असली कारणं सांगताना पोरगं जी भाषा वापरतं ती त्याची विचार करायची भाषा. आता त्याच भाषेत त्याला काहीतरी समजावून सांगायला लावा, पाऊस पडला की रानातली वाट का घसरते, दूध उतू का जातं, असलं काहीही. पाच मिनिटं नीट सांगता आलं तर ते कुठल्याही माध्यमात तरेल. मराठीतच "ते असं असतंय, तसं होतंय" एवढ्यावर थांबत असेल तर त्याला शाळा बदलून काही होणार नाही, त्याच्याशी घरात बोलणं वाढवायला पाहिजे, आणि ते बोलणं मराठीतच पाहिजे. आपण काय करतो, शाळेत इंग्लिश आहे म्हणून घरात पण "कम हिअर, वॉटर ड्रिंक" चालू करतो. आपलं इंग्लिश चारशे शब्दांचं, म्हणजे पोराला पण चारशेच शब्द मिळणार, आणि मराठीतले जे हजारो शब्द आयते मिळाले असते ते गेले. थोरलीच्या वेळी ही चूक मी स्वतः दोन वर्षं केलीये.

कॅनडातले जिम कमिन्स म्हणून एक अभ्यासक आहेत, त्यांनी १९७९ च्या सुमारास एक फरक मांडला. गप्पा मारण्यापुरती नवी भाषा पोरं दोनेक वर्षांत उचलतात, पण त्या भाषेत धडा समजून घ्यायचा, कारण द्यायचं, उत्तर लिहायचं, याला पाच ते सात वर्षं लागतात. आणि पहिल्या भाषेत पक्कं झालेलं दुसरीत जातं. म्हणून पहिलीतलं पोरगं पाहुण्यांसमोर फाडफाड "माय नेम इज" म्हणालं की हुरळून जाऊ नका.

आता सेमी म्हणजे काय ते नीट कळू दे, कारण निम्म्या लोकांना सेमी म्हणजे अर्धी इंग्लिश शाळा वाटते. शाळा मराठीच, इतिहास-भूगोल मराठीतच, फक्त गणित आणि विज्ञान इंग्लिशमधनं, आणि खालच्या वर्गात बऱ्याच ठिकाणी नुसतं गणितच. कोण पहिलीपासून करतं, कोण पाचवीपासून, कोण आठवीपासून, ते शाळेत विचारून घ्या. इंग्रजी विषय म्हणून तर २००० सालापासून मराठी शाळेत पण पहिलीपासूनच आहे, त्यामुळं "मराठी शाळेत इंग्लिश नसतंय" हे आजोबांच्या काळातलं झालं. सेमीकडं लोक पळतात ते अकरावी सायन्सच्या भीतीनं, तिथं सगळं इंग्लिशमधनं असतं, आणि ती भीती काही खोटी नाही. पण मेडिकलच्या 'नीट'चा आणि इंजिनिअरिंगच्या जेईई मेनचा पेपर मराठीतनं पण देता येतो, हे किती पालकांना माहीत आहे कुणास ठाऊक.

धोरणाचं विचाराल तर कागद मातृभाषेच्या बाजूनं आहेत. आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, त्यात लिहिलंय की माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावं, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत, जमलं तर आठवीपर्यंत. सगळी गंमत त्या "शक्यतो" आणि "जमलं तर" मध्ये आहे. उलट सुप्रीम कोर्टानं २०१४ ला कर्नाटकच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की सरकार मातृभाषेचं माध्यम लादू शकत नाही, निवड पालकांची. म्हणजे शेवटी आपल्यावरच. आणि सरकारच्या कागदाचं काय, २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा जीआर एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये बदलला आणि त्याच महिन्याच्या शेवटी मागं घेतला. त्यावर पोराचं वर्ष ठरवत बसू नका.

शाळा बघायला जाल तेव्हा बिल्डिंग, बस, टायची चौकशी नंतर. चौथीतल्या एखाद्या पोराची गणिताची वही मागा आणि शाब्दिक उदाहरणं बघा. नुसत्या बेरजा-वजाबाक्या इंग्लिश मीडियममध्ये काय न् मराठीत काय सारख्याच, खरी परीक्षा शाब्दिक उदाहरणात. तिथं पोरानं स्वतः मांडणी केली असेल, खाडाखोड असेल, तर समजा वर्गात शिकवतात. सगळ्यांच्या वह्या अक्षर न् अक्षर सारख्या असतील तर फळ्यावरचं उतरवून घेतात. बाईंना सरळ विचारा, पोराला कळलं नाही तर मराठीतनं सांगता का? "हो, सांगते की" म्हणणारी बाई सोन्यासारखी. "आमच्याकडं मराठी अलाउडच नाही" असं अभिमानानं सांगणाऱ्या शाळेतनं मी तरी चहा न पिता उठेन.

थोरलीच्या शाळेत, नाव नाही घेत, मराठी बोललं की पाच रुपये दंड होता. पोरगी डब्याच्या सुट्टीत गप्पच बसायला लागली आणि आम्हाला ते सहा महिन्यांनी कळलं. तुमच्याकडं असं असेल तर आधी लेखी विचारा की हा नियम कुठला. मराठी सक्तीचा २०२० चा कायदा सगळ्या माध्यमांच्या शाळांना लागू आहे, त्यात मराठी बोलण्यावर बंधन घालता येत नाही असं आहे, आणि आरटीईत मानसिक त्रास देणारी शिक्षा चालत नाही. भांडायला जाऊ नका, चार पालक मिळून एक अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की निम्मं काम होतं.

सेमीत घातलं की सगळ्यात जास्त घोळ होतो आकड्यांचा, आणि यावर कुणी बोलत नाही. आपण "अठ्ठेचाळीस" म्हणतो, म्हणजे आठ आधी आणि चाळीस नंतर, लिहायचं मात्र चार आधी. इंग्लिशमध्ये "फोर्टी एट", बोलायचं तसंच लिहायचं. म्हणून पोराला इंग्लिश आकडे सोपे वाटतात आणि मराठी सुटतात. वर आपले एकोणतीस, एकोणसाठ, म्हणजे पुढच्या दहाईला एक कमी. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी पद्धत दिली तेव्हा केवढी टिंगल झाली, मी पण केली, आता वाटतं अडचण तर खरीच होती की. यावर उपाय पाठांतर नाही. पोराला गणपती पेठेत सामान आणायला न्या, दुकानदार "एकोणसत्तर झाले" म्हणाला की पैसे त्यालाच द्यायला लावा. घरी रोज फक्त पाच आकडे, मराठीत म्हणायचे आणि त्यानं लिहायचे, मग इंग्लिशमध्ये म्हणायचे. अठ्ठेचाळीस-चौऱ्याऐंशी अशा जोड्या मुद्दाम घ्यायच्या. धाकटीला यात तीन महिने लागले.

विज्ञानासाठी एक फुकटातली युक्ती. ई-बालभारतीवर दोन्ही माध्यमांची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, धडे तेच, चित्रं तीच. आदल्या रात्री धडा मराठीतनं वाचून घ्या, दुसऱ्या दिवशी शाळेत इंग्लिशमधनं. वहीला मधोमध रेघ मारून शब्दांच्या जोड्या लिहायला लावा. एलसीएम म्हणजे काय हे पोराला सांगता येईना, पण लसावि फोडून दाखवला, लघुत्तम म्हणजे सगळ्यात लहान, सामाईक म्हणजे दोघांचा मिळून, विभाज्य म्हणजे भाग जाणारा, की डोक्यात बसतं. सगळेच शब्द असे सोपे नाहीत, प्रकाशसंश्लेषण म्हणताना माझी पण जीभ वळत नाही, तिथं फोटोसिंथेसिस म्हणा आणि पुढं चला.

आणि दोन भाषांची भीती घालवायची असेल तर आपल्याच जिल्ह्यात बघा. विटा-आटपाडीकडची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेलीत, त्यांची पोरं सुट्टीला गावाकडं आली की आजीशी मराठीत, बापाशी फोनवर अर्धं तमिळमध्ये, आणि गोंधळ कुणाचाच होत नाही. जतच्या पूर्वभागात घरात कन्नड, बाजारात मराठी, जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा पण आहेत. आपण मात्र जतच्या पोराच्या मराठीला हसतो आणि इंग्लिश मोडकं बोलणाऱ्याला हुशार म्हणतो. घरात हे हसणं बंद करा, पोरं ते पुस्तकापेक्षा लवकर शिकतात.

माध्यम मध्येच बदलायचं असेल तर चौथी झाल्यावर बदला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुढच्या वर्गाचं गणित दोन्ही पुस्तकांतनं चाळून ठेवा. आठवीत अचानक सेमी करायला फार दम लागतो.

ते आकड्यांचं एक राहिलंच. एकोणीस, एकोणतीस करत पोरगं एकोणनव्वदपर्यंत छान जातं आणि पुढं ठोकून "एकोणशंभर" म्हणतं. नव्याण्णव का, असं धाकटीनं विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही, कुणाला येत असेल तर सांगा.