पावसाची वही परदेशी धाडताना आधी वेळ नीट लिहा

नाशिकमधल्या पर्जन्यमापकाची किंवा गोदावरीच्या पातळीची वही तुमच्याकडे आहे, असं धरून चालतो. ती परदेशी संशोधकांना द्यायचीय आणि त्यांची उपग्रहाची आकडेवारी आपल्याला वापरायचीय. ‘एक्सेल फाइल मेल करून टाका’ हा सल्ला कृपा करून ऐकू नका.

केंद्राचे अक्षांश-रेखांश, उंची आणि उपकरणाचा प्रकार लिहा. नदीचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे घनफूट प्रति सेकंदात असेल, तर त्याला ०.०२८३ने गुणून घनमीटर प्रति सेकंद करा. १०,००० क्युसेकचे २८३ होतात.

खरी मेख वेळेत आहे. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा त्या दिवसाच्या तारखेला चढतो. ३ ऑगस्टला दुपारी चारला पंचवटीत सर कोसळली, तरी वहीत ती ४ ऑगस्टला. नासाच्या ‘आयमर्ग’ या उपग्रहांवरून काढलेल्या पावसाच्या आकडेवारीतला दैनिक आकडा मात्र जागतिक वेळेनुसार (यूटीसी), म्हणजे आपल्या पहाटे साडेपाच ते साडेपाच. तिथे तीच सर ३ तारखेला! एक अख्खा पावसाळा मी दोन्ही रकाने शेजारी लावून उपग्रहाला दोष देत होतो.

‘वहीची तारीख एक दिवस मागे सरकवा’ असं सांगणारे भेटतील. तसं करू नका. साडेपाच ते साडेआठचा पाऊस तरीही चुकीच्या दिवसात पडतो. नुसती तारीख कधीच देऊ नका, दोन रकाने करा: सुरुवात ३ ऑगस्ट ०३:००, शेवट ४ ऑगस्ट ०३:००, जागतिक वेळ (म्हणजे आपले सकाळचे साडेआठ). आयमर्गचे अर्ध्या तासाचे ४८ आकडे याच मुदतीचे घ्या. ते मिलिमीटर प्रति तास असतात, म्हणून बेरजेआधी प्रत्येकाचं अर्धं करा. हे विसरलात तर पाऊस दुप्पट दिसेल.

गणपतीत कुणी मापकाकडे फिरकलं नाही, तर त्या दिवशी शून्य लिहू नका. दुसऱ्या दिवशीचं माप ४८ तासांचं आहे, हे सुरुवातीच्या रकान्यातूनच कळू द्या.

पातळीचंही तसंच. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं म्हटलं, की नाशिककराच्या पोटात गोळा येतो. बाहेरच्याला मीटर हवेत आणि मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंच, तेही हवं.

शेवटी फाइल ‘वॉटरएमएल २.०’ या पाण्याच्या नोंदींसाठीच्या साच्यात करा, २०१२पासून हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. नोंदी दुसऱ्या खात्याच्या असतील, तर लेखी परवानगी आधी. आणि धाडण्यापूर्वी सगळ्यात मोठ्या पावसाचा एक दिवस निवडून वही, फाइल आणि उपग्रह असा ताळा स्वतः हाताने करून पाहा.