वाईनची चव सांगताना या चुका टाळा

नाशिकच्या कुठल्याही टेस्टिंग रूममध्ये शनिवारी जाऊन बसा, "ड्राय आहे म्हणजे कडू असणार" हे वाक्य ऐकू येणारच. नाही हो. ड्राय म्हणजे गोडी नाही, एवढंच. द्राक्षातली साखर यीस्टने जवळपास सगळी खाऊन तिचं अल्कोहोल केलंय, बस्स, त्यात कडूपणाचा काही संबंध नाही.

ह्याची उलटी चूक म्हणजे फ्रुटी म्हणजे गोड. सोविन्यों ब्लां ह्या व्हाईट वाईनला पेरूसारखा वास आला की लगेच "किती स्वीट आहे" सुरू होतं आणि वाईन असते चक्क ड्राय. डाउट असेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या, गोडी जिभेवर तशीच राहिली तर साखर आहे, गायब झाली तर तो नुसता फळाचा वास होता. मला विचाराल तर सगळा घोळ इथेच आहे, वास, चव आणि तोंडाला जाणवणारा स्पर्श ह्या तिन्ही गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबतो.

सगळ्यात जास्त हाल टॅनिनचे होतात. रेड प्यायल्यावर हिरड्या आणि गालाची आतली बाजू ओढल्यासारखी होते ना, त्याला लोक आंबट, कडू, स्ट्राँग, काय वाट्टेल ते म्हणतात. अरे तुरट म्हणा की सरळ! टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं आणि तोंड खरखरीत होतं. खूप उकळलेला कोरा चहा पिऊन बघा, तेच. आंबटपणा ह्याच्या बरोबर उलट, त्याने लाळ सुटते. म्हणजे घोट गिळून जरा थांबायचं, तोंड सुकलं तर टॅनिन, पाणी सुटलं तर ॲसिडिटी, आणि रेडमध्ये दोन्ही एकदम असू शकतं. (ॲसिडिटी ऐकून गोळी शोधू नका, ती ही नव्हे.)

"ह्यात मिरी घालतात का?" हाही नेहमीचा प्रश्न. घालत नाहीत. शिराझ ह्या रेड वाईनमध्ये रोटंडोन नावाचं द्रव्य असतं आणि काळ्या मिरीच्या वासामागेही तेच असतं, त्यामुळे मिरीचा वास आला तर बिनधास्त बोला, तुमचं नाक बरोबर आहे. वॅनिलाचा वास मात्र वाईन ज्यात मुरवतात त्या ओक लाकडाच्या बॅरलमधून येतो.

रंग बघून शब्द ठरवू नका. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये वाईन शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना व्हाईट वाईनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिली तर त्यांनी तिला रेडचे शब्द लावले, 2001 साली हा पेपर छापून आला. तिथे त्यांची ही गत, तर आपण काळा ग्लास किंवा डोळे मिटणं, काहीतरी करावंच. ग्लासवर ओघळणाऱ्या रेघांचंही तेच, त्यावरून फार तर अल्कोहोलचा अंदाज येतो, क्वालिटी वगैरे काही कळत नाही.

कॉर्क्ड म्हणजे ग्लासात बुचाचे तुकडे तरंगणं नव्हे. ते काढून टाका आणि प्या. कॉर्क्ड वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास येतो आणि फळाचा वास दबून जातो, अशी बाटली परत करायला लाजू नका.

आणि एखादी रेड "हार्श" आहे असं जाहीर करण्याआधी बाटलीला हात लावून बघा. रूम टेम्परेचर हे युरोपातल्या गार खोलीचं आहे, साधारण 16 ते 18 डिग्री, आपल्या एप्रिलचं नव्हे. गरम वाईनमध्ये अल्कोहोल आधी नाकात घुसतं आणि बाकी काही कळतच नाही. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग बोला.