बॉयलरची गेज ग्लास खोटं बोलतेय का, ते असं तपासा

गेज ग्लास म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच. पाळी बदलताना काचेतली पातळी नुसती बघून सही करू नका. दोन्ही बाजूंची काच एकेक करून तपासा. चेहऱ्यावर शील्ड, हातात मोजे हवेतच, आणि काचेच्या अगदी समोर उभं राहायचं नाही.

आधी स्टीम (वाफ) व पाण्याचा, दोन्ही कॉक (तोट्या) बंद करून ड्रेन, म्हणजे काच रिकामी करायची तोटी, उघडा. काच रिकामी होईल. मग फक्त पाण्याचा कॉक उघडा. पाणी जोरात यायला हवं; थेंबथेंब आलं तर वाट गाळाने चोंदली आहे. तो बंद करून स्टीमचा उघडा, मग तोही बंद करा. आता ड्रेन बंद करून पाण्याचा कॉक हळूहळू उघडा: पाणी वरपर्यंत चढेल. शेवटी स्टीमचा उघडा, पाणी झटकन खाली येऊन खऱ्या पातळीवर थांबेल. वरच अडकलं तर स्टीमची वाट बंद आहे. हा दोष सर्वांत फसवा, कारण काच भरलेली दिसते आणि आत ट्यूब (आचेने तापणाऱ्या नळ्या) पाण्याविना उघड्या पडत असतात.

पातळी दिसेनाशी झाली आणि तपासूनही पाणी सापडलं नाही, तर इंधन आणि पंखे लगेच बंद करा. फीड पंप (बॉयलरला पाणी देणारा पंप) मात्र सुरू करू नका! तापून लाल झालेल्या ट्यूबवर पाणी पडलं की क्षणात प्रचंड वाफ होते, धातूला तडे जातात. बॉयलर आपोआप थंड होऊ द्या. तपासणीशिवाय पुन्हा पेटवू नका.

इंधन वाचवायचं असेल तर कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) बॉयलरला परत आणा. फीड पाणी ६ अंश गरम झालं की साधारण १ टक्का इंधन वाचतं.