आई खानापुरात, आपण पुण्यात: बीपी-शुगरवर लांबून लक्ष कसं ठेवावं

आई कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात असते आणि मी पुण्यात. गेल्या वर्षी तिच्यासाठी ऑनलाइन एक स्मार्टवॉच मागवलं. बीपी, शुगर, ऑक्सिजन, सगळं म्हणे मनगटावरच कळणार. आईनं ते दोन दिवस घातलं आणि तिसऱ्या दिवशी परसातल्या दुधी भोपळ्याला बांधलं. भोपळ्याचं बीपी निघालं ११८/७६. "माझ्यापेक्षा ह्याचंच बरं हाय की," म्हणाली.

म्हणून खरेदी घड्याळापासून सुरू करू नका. आधी डॉक्टरांना विचारा: रोज कोणता आकडा बघायचा, किती वेळा, आणि कितीच्या वर-खाली गेला की फोन करायचा? हृदय कमजोर असलेल्या माणसासाठी साधा वजनकाटा पुष्कळदा सगळ्यांत कामाचा असतो. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वजन वाढलं, तर अंगात पाणी साचत असण्याची शक्यता असते. जुना श्वासाचा विकार असेल तर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या, पण मर्यादा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. अशा काही रुग्णांना ऑक्सिजनचा ८८ ते ९२ टक्के हाच आकडा ठरवून दिलेला असतो आणि घरचे उगाच घाबरतात. बोटाला मेंदी असेल किंवा हात गार पडले असतील तर आकडा चुकतो.

मशीन निवडताना

बीपीसाठी दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. शिंप्याच्या टेपनं दंडाचा घेर मोजा आणि त्या मापाचा पट्टा मागा. पट्टा लहान पडला तर बीपी खोटं जास्त दिसतं. चांगल्या घड्याळांतला ईसीजी हृदयाची अनियमित लय पकडू शकतो, हार्ट अटॅक ओळखणं त्याचं काम नाही. आणि सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी विकत घेऊच नका. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा वस्तूंबद्दल उघड इशारा दिला आहे: त्यांतल्या एकालाही त्यांनी मान्यता दिलेली नाही.

मोजण्याची वेळ

सकाळी उठल्या उठल्या मिसरी, मग चहा, मग बीपी, असा आमच्या घरचा क्रम होता. तंबाखूनं आणि चहानं बीपी तेवढ्यापुरतं चढतं. निपाणीपासून खानापूरपर्यंत घरोघरी मिसरीची डबी आहे, त्यामुळे हे आवर्जून लिहितोय. दोन्हींनंतर निदान ३० मिनिटं जाऊ द्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजायचं. डॉक्टरांकडे जायच्या आधीचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ती वही दाखवायलाच हवी.

वहीवरून आठवलं. आई आकडे मराठीत लिहायची आणि मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. बेळगावच्या दवाखान्यात वही बघणाऱ्या कन्नड सिस्टरांची त्यानं तारांबळ उडाली. आता मशीनवर दिसतो तसाच आकडा उतरवायचा, असा नियम केलाय.

शुगरचा सेन्सर

इन्सुलिन घेणाऱ्यांना, विशेषतः रात्री शुगर एकदम उतरणाऱ्यांना, दंडाच्या मागे चिकटवायची चकती फार उपयोगी पडते. तिचा बारीक तंतू कातडीखाली राहतो. सर्रास मिळणारे सेन्सर १४ दिवस चालतात, म्हणजे महिन्याला दोन. खर्च आधी मोजा. काही सेन्सरजवळ फोन नेऊन स्कॅन करावं लागतं आणि त्यांच्यात आठ तासांचीच नोंद साठते. फोन घरी ठेवून आई दिवसभर शेतात राहिली तर मधला तुकडा गायब. काही सेन्सर आपणहून ब्लूटूथनं फोनला कळवतात आणि ॲपमधून लेकाला-लेकीलाही. पण त्यासाठी आईच्या फोनला नेट हवं.

एका रात्री तीन वाजता माझ्या फोनवर अलार्म वाजला: ५८. मी इकडून फोन करून शेजारच्या वैनींना उठवलं. त्यांनी बोट टोचून बघितलं तर ९६. आई त्याच कुशीवर झोपली होती. सेन्सर दाबला गेला की खोटा कमी आकडा दाखवतो. शिवाय तो रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. आकडा आणि माणसाची तब्येत जुळत नसेल तर बोट टोचा. खरंच ७०च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

रेंज नसेल तर

जांबोटी, कणकुंबीकडच्या वाड्यांत पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते, रेंज तर त्याआधीच गेलेली. तिथं इंटरनेटवर डेटा पाठवणाऱ्या ॲपवर भरवसा ठेवू नका. मशीनचा फोटो काढायचा, रेंज मिळाली की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. माझ्या मते आपल्याकडे हीच पद्धत सगळ्यांत टिकाऊ आहे. रात्री नऊपर्यंत फोटो आला नाही तर कुणी फोन करायचा, हेही ठरवा. "सगळे बघतात" म्हणजे कुणीच बघत नाही.

आणि १०८

ही गोष्ट मला उशिरा कळली. तुम्ही पुण्यातून १०८ लावलात तर फोन महाराष्ट्राच्या केंद्रात जातो. आई कर्नाटकात. म्हणून गाडी गावातूनच कुणीतरी बोलवायला हवी. वैनी, गावातल्या आशाताई, गाडी असलेला एखादा पोरगा, अशी तीन नावं नंबरांसह मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. सीमेलगतच्या गावांत फोन कधी कधी पलीकडचा टॉवर पकडतो, तेव्हा गावाच्या नावाबरोबर तालुका, जिल्हा आणि राज्य आधी सांगायचं. बीपी १८०/१२०च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं यांतलं काही असेल, तर फोटो पाठवत बसू नका, थेट गाडी. बीपी कमी दिसत असलं तरी ही लक्षणं असतील तर तेच करा.

एरवीच्या सल्ल्यासाठी राज्याची सीमा आड येत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला सल्ला देऊ शकतात. कोल्हापूरचे डॉक्टर निपाणीच्या रुग्णाची वही फोनवर बघू शकतात.

मिरगाच्या आधी एकदा घरी जाऊन या. बीपी मशीनचे चार पेन्सिल सेल, शुगर तपासायच्या, तारीख न संपलेल्या स्ट्रिप, चार्ज केलेली पॉवर बँक, एक जादा सेन्सर, हे सगळं एका घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि डबा आईच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा. आमचा लाडवाचा डबा होता. आता लाडू कुठं ठेवायचे, हे ती मला दर फोनला विचारते.