सत्ता की अधिसत्ता? समाजशास्त्राच्या पेपरातल्या या चुका टाळा

प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिकांच्या प्रत्येक गठ्ठ्यात एक वाक्य हमखास सापडतं: 'सत्ता म्हणजेच अधिसत्ता.' इथेच निम्मे गुण जातात.

विरोध झाला तरी आपलंच म्हणणं तडीस नेता येण्याची शक्यता, ही जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरची सत्ता. ती लोकांना रास्त वाटली, त्यांनी मान्य केली, की झाली अधिसत्ता. घोकून हा फरक डोक्यात राहत नाही. त्यापेक्षा ग्रामपंचायतीत डोकावा. पंचायतींना घटनात्मक दर्जा आणि महिलांना राखीव जागा देणारी ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांतलं महिला आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं. खुर्चीवर बाई आल्या. तरी कित्येक गावांत ठेकेदार बिलाचं विचारायला जातो तो 'सरपंचपतीं'कडे. चेकवर सही बाईंची आणि ग्रामसेवकाची, शब्द मात्र नवऱ्याचा. कायदेशीर अधिसत्ता एकीकडे, सत्ता दुसरीकडे. बरं, गाव त्याचं 'घरचा कर्ता पुरुष' म्हणून ऐकत असेल, तर ती परंपरागत अधिसत्ताही ठरते. एवढं लिहिणारा विद्यार्थी क्वचितच मिळतो.

दुसरी खोड म्हणजे वेबरने सांगितलेल्या अधिसत्तेच्या तीन प्रकारांत (परंपरागत, कायदेशीर आणि व्यक्तीच्या प्रभावावर उभी असलेली करिष्म्याची) माणसं कोंबणं. शिवाजी महाराज म्हणजे करिष्मा, संपलं उत्तर! मग १६७४ साली रायगडावर विधिवत राज्याभिषेक करवून घेण्याची गरज का पडली? पराक्रमावर उभ्या असलेल्या सत्तेला परंपरेची मान्यताही हवी होती. वेबरचे प्रकार ही आदर्श प्रारूपं आहेत, म्हणजे समजून घेण्यासाठी मनात आखलेले शुद्ध नमुने. प्रत्यक्षात ती एकमेकांत मिसळलेली सापडतात.

दर्जा आणि भूमिका यांत गोंधळ नको. सरपंचपद हा दर्जा, त्या पदावर बसून जे करायचं ती भूमिका.

त्याहून जास्त घोटाळा होतो तो भूमिका संघर्ष आणि भूमिका ताण यांत. समजा, सरपंच बाईंच्या सासऱ्यांनी गायरानात शेड ठोकलं आहे. सरपंच म्हणून ते हटवायला हवं, सून म्हणून गप्प बसायला हवं. दोन भूमिका भांडतायत, म्हणून हा संघर्ष. आता घरपट्टी वसूल केली नाही तर नळाचं काम अडतं, केली तर मतदार रुसतात. इथे भूमिका एकच, सरपंचाची. म्हणून हा ताण. मोजायचं एवढंच: भूमिका किती?

राहिला लिंगभाव. लिंग शारीरिक, लिंगभाव समाजाने घडवलेला. अ‍ॅन ओकली या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ही फोड ठळकपणे मांडली. पोरं तेवढं पाठ करतात आणि पुढे पानभर फक्त 'स्त्रियांच्या समस्या' लिहितात. बायको सरपंच आणि नवरा घरी भाकऱ्या थापतोय, याला पारावर जे हसतात ना, तोही लिंगभावच. उत्तरात त्या नवऱ्यालाही जागा द्या.